बुडबुड्यांवर बसून औषध?

प्रश्न : वडिलांच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमाची गाठ आहे. ‘केमो आता बुडबुड्यांतून थेट गाठीत सोडतात’ असा मेसेज फिरतोय. खरं आहे का? (नाशिक)

अर्धं खरं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की बहुतेक औषधं रक्तातून पलीकडे जातच नाहीत. पण या उपचारात बुडबुडे औषध वाहून नेत नाहीत. औषध नेहमीसारखं सलाईनमधून, बुडबुडेही शिरेतूनच. मग डोक्याबाहेरून अल्ट्रासाऊंड गाठीवर एकवटतात. तिथल्या वाहिन्यांतले बुडबुडे लहरींबरोबर फुगतात, आकसतात, भिंतीला आतून ढकलतात आणि पेशींमधल्या फटी उघडतात. बाकीच्या मेंदूतल्या फटी बंदच राहतात. फटी साधारण दिवसभरात मिटतात. म्हणून दर केमोला हा खटाटोप नव्याने करावा लागतो.

अल्ट्रासाऊंडचे संशोधक कुलेर्वो हायनिनेन यांच्या गटाने २००१ मध्ये सशांवर हे दाखवलं. २०१५ मध्ये टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात ब्रेन ट्यूमरच्या रुग्णावर ते करून पाहिलं. फटी उघडतात, याबद्दल आता वाद नाही. रुग्ण त्यामुळे जास्त जगतो का, हे अजून सिद्ध व्हायचंय. तोवर वडिलांचे चालू उपचार एक दिवसही थांबवू नका.

प्रश्न : शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो म्हणतात. मग हे कसं चालतं? (सांगली)

वाट अडवतो तो मोठा बुडबुडा. हे १ ते १० मायक्रॉनचे, बहुतेक तर तांबड्या पेशीहूनही लहान. आत हवा नसते. सल्फर हेक्साफ्लोराइडसारखा रक्तात सहजी न विरघळणारा वायू असतो, बाहेर स्निग्ध पदार्थाचं किंवा प्रथिनाचं पातळ कवच. काही मिनिटांत ते विरतात, वायू श्वासावाटे निघून जातो. हृदयाच्या इकोत असे बुडबुडे नव्वदच्या दशकापासून वापरात आहेत. क्वचित ॲलर्जी येते, तीही गंभीर असू शकते.

खरं जपायचं ते लहरींच्या जोराला. जोर वाढला तर बुडबुडे फाडकन फुटतात, वाहिनीला इजा होते, रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून यंत्र सतत बुडबुड्यांचा आवाज ऐकत असतं. तो बिघडू लागला की जोर उतरवतात.

प्रश्न : साध्या सोनोग्राफी मशिनवर होईल का? (कणकवली)

मेंदूसाठी नाही. त्याला सहसा लागतं १,०२४ ध्वनिस्रोत बसवलेलं हेल्मेट, तेही एमआरआयच्या आत. डोकं पूर्ण भादरावं लागतं, कारण केसांत अडकलेली हवा लहरी अडवते.

प्रश्न : आईला अल्झायमर आहे. तिला उपयोग होईल? (ठाणे)

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या डॉक्टरांनी अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) घटवणाऱ्या औषधाला याची जोड दिली. निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये छापून आले. लहरी दिलेल्या भागातलं अमायलॉइड जास्त घटलं. पण रुग्ण होते फक्त तीन, आणि अमायलॉइड घटलं म्हणजे आठवण परत आली असं नव्हे. इथे कुणी पैसे घेऊन हा उपचार देऊ करत असेल, तर आधी सीटीआरआय (औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. भारतात २००९ पासून औषधचाचणीची ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, तर आईला घेऊन सरळ घरी या.