वाचकांचे प्रश्न : इंजेक्शनचं व्यसन आणि हेपटायटिस

ओपिऑइडच्या (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेच्या) व्यसनाबद्दल आणि सुईतून पसरणाऱ्या हेपटायटिस या यकृताच्या आजाराबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : हेपटायटिस सीवर लस आहे का?
उत्तर : नाही. हेपटायटिस बीवर आहे, ती डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : फुकट सुया वाटल्या की व्यसन वाढतं, असं ऐकतो.
उत्तर : ऐकीव गोष्ट आहे. नव्या सुयांमुळे एचआयव्हीचा प्रसार कमी होतो. व्यसन वाढल्याचं दिसलेलं नाही.

प्रश्न : भावाला हेपटायटिस सी आहे. 'सहा महिने व्यसन सोडून दाखवा, मग औषध' असं सांगितलं. थांबावं का?
उत्तर : अजिबात नाही. या अटीला वैद्यकीय आधार नाही, तरी ती अनेक ठिकाणी नियम म्हणून चालते, याचा मला संताप येतो. गोळ्या 8 ते 12 आठवड्यांच्या. 95 टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात, इंजेक्शन घेणाऱ्यांतही गुण चांगला येतो. थांबवलेल्या त्या सहा महिन्यांत यकृत खराब होत राहतं आणि सुई, चमचा, कापूस, पाणी यांतून विषाणू पुढच्याकडे जातो. ज्याच्यावर उपचार केल्याने साथ आटोक्यात येईल, त्यालाच आपण दाराबाहेर ठेवतो! हेपटायटिसच्या गोळ्या, एचआयव्ही तपासणी, नव्या सुया आणि व्यसनावरचं औषध एकाच केंद्रात मिळायला हवं. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही व्यसनावरची औषधं 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, तरी 'एक नशा सोडून दुसरी' म्हणून ती नाकारली जातात. भावाला दुसऱ्या यकृततज्ज्ञांकडे न्या. आधी हेपटायटिस बीची तपासणी हवीच, कारण सीच्या औषधांनी दबलेला बी उसळू शकतो. बरा झाल्यावरही सुई वाटून घेतली तर पुन्हा लागण होते, हे त्याला सांगा.

प्रश्न : उपचार पूर्ण झाले, तरी अँटिबॉडी पॉझिटिव्ह?
उत्तर : अँटिबॉडी म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन, ती बरं झाल्यावरही राहतेच. औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए तपासणी करा, विषाणू रक्तात उरलाय का ते तीच सांगते.

प्रश्न : 'दहा दिवसांत कायमची सुटका' ही जाहिरात खरी का?
उत्तर : पैसे देऊ नका. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. मग जुनीच मात्रा घेतली की श्वास थांबतो. व्यसनोपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि घरात नॅलोक्सोन (ओपिऑइडची मात्रा जास्त झाल्यावर जीव वाचवणारं औषध) ठेवण्याबद्दल, ते कसं द्यायचं याबद्दल त्यांनाच विचारा.

प्रश्न : वापरलेली सुई टोचली तर किती दिवसांनी तपासावं?
उत्तर : थांबायचंच नाही. लगेच रुग्णालय गाठा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ते 28 दिवस घ्यायचं असतं. पुढच्या तपासण्यांच्या तारखा तिथले डॉक्टर देतील.