केएफसी, पिझ्झा हट, टॅको बेल हे सगळं एकाच कंपनीचं आहे, मग ती एवढी हॉटेलं चालवते तरी कशी?

तुम्ही विचारलंय की मॉलच्या फूड कोर्टमध्ये केएफसी आणि पिझ्झा हट शेजारी शेजारी दिसतात, दोन्ही एकाच अमेरिकन कंपनीचे आहेत असं कुठेतरी वाचलं, तर जगभरातली ही सगळी हॉटेलं एका ठिकाणाहून चालतात का आणि किचन आतून एकच असतं का. मी या धंद्यात अकरा वर्षं काढलीत, पुण्यात काउंटरवर टीम मेंबर म्हणून लागलो आणि शेवटची चार वर्षं आरजीएम म्हणजे एका आउटलेटचा मॅनेजर होतो. त्यामुळे जे डोळ्याने बघितलं ते आणि नंतर आवडीने जे वाचत गेलो ते असं दोन्ही लिहितो, थोडं लांबेल.

आधी एक समज काढून टाका. यम ब्रँड्स नावाची ती कंपनी ही हॉटेलं स्वतः चालवतच नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातली ही कंपनी, आणि यम म्हणजे इंग्रजीत काही चविष्ट खाल्लं की तोंडातून निघतो तो उद्गार, आपल्या यमाशी त्याचा संबंध नाही, बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं. 155 च्या वर देशांत मिळून 61,000 च्या वर आउटलेट आहेत, त्यात केएफसीच 30,000 च्या वर, पिझ्झा हट 20,000 च्या आसपास, मेक्सिकन पद्धतीचे पदार्थ विकणारं टॅको बेल 8,000 च्या वर आणि ते बहुतेक अमेरिकेतच, शिवाय 2020 मध्ये विकत घेतलेलं हॅबिट बर्गर ग्रिल, ते या तिघांपुढे छोटं आहे. पण यातली साधारण 98 टक्के आउटलेट फ्रँचायझीची आहेत, म्हणजे यमला पैसे देऊन तिचं नाव वापरणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांची, त्यामुळे जागेचं भाडं, फ्रायर, ओव्हन, पोरांचे पगार, लाइट बिल, वाया गेलेलं चिकन, सगळं त्या त्या फ्रँचायझी कंपनीच्या अंगावर. 2024 चे आकडे बघा, जगभरातल्या काउंटरवर मिळून 65 अब्ज डॉलरच्या वर विक्री झाली आणि यमच्या स्वतःच्या वहीत उत्पन्न म्हणून आले साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास, त्यातही जाहिरातीसाठी फ्रँचायझीवाल्यांकडून गोळा केलेले पैसे आणि स्वतःच्या मोजक्या हॉटेलांची विक्री धरलेली आहे. बाकीचा पैसा दुसऱ्यांच्या गल्ल्यातून फिरतो.

मग यमकडे आहे काय? नाव आहे, रेसिपी आहे, नियमांची जाडजूड पुस्तकं आहेत आणि कुठे, कोणी, किती दुकानं काढायची हे ठरवायचा अधिकार आहे. या अधिकाराचे पैसे म्हणजे रॉयल्टी, साधारण विक्रीच्या 5 ते 6 टक्के धरा, त्याच्या वर जाहिरातीसाठी अजून काही टक्के वेगळे. इथे एक शब्द नीट लक्षात घ्या, विक्रीच्या. नफ्याच्या नाही. म्हणजे तुम्ही 500 रुपयांची बकेट घेतली तर त्यातले 25-30 रुपये अमेरिकेचे झाले, मग त्या महिन्यात त्या दुकानाला भाडं सुटलं की नाही, तेल महागलं का, चिकनचा भाव वाढला का, त्याच्याशी रॉयल्टीला देणंघेणं नाही. मी मॅनेजर असताना महिन्याच्या शेवटी पी अँड एल म्हणजे नफ्या-तोट्याचा हिशोब हातात यायचा तेव्हा सगळ्यात आधी कॉस्ट ऑफ सेल्स म्हणजे मालाचा खर्च बघायचो, मग पगार, मग भाडं, आणि रॉयल्टीची ओळ आली की तिथे डोकं लावायचंच नाही असं आमच्या सिनियरने शिकवलेलं, कारण ती कमी करणं आपल्या हातात नाही, विक्री वाढली की तीही वाढणार. काहीजणांना हे अन्यायाचं वाटतं, मला तसं वाटत नाही, नावाची किंमत आहे ती. पण जोखीम कोणाच्या डोक्यावर बसते हे माहीत पाहिजे. अमेरिकेत एनपीसी इंटरनॅशनल ही पिझ्झा हटची सगळ्यात मोठी फ्रँचायझी होती, 1,200 च्या वर पिझ्झा हट तिच्याकडे, जुलै 2020 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यातली 300 च्या आसपास दुकानं बंद पडली. यम मात्र उभीच राहिली, उरलेली बरीच दुकानं दुसऱ्या फ्रँचायझीने घेतली आणि रॉयल्टी पुन्हा सुरू.

ही पद्धत नवी नाही. केएफसी सुरू करणाऱ्या कर्नल सँडर्सने केंटकीत कॉर्बिनला पेट्रोल पंपापाशी जेवण विकता विकता चिकन बसवलं आणि 1952 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या पीट हार्मनला पहिली फ्रँचायझी दिली, तेव्हा व्यवहार काय तर प्रत्येक कोंबडीमागे थोडे सेंट द्यायचे. आजची रॉयल्टी म्हणजे तेच, फक्त मोजायची रीत बदलली.

हे तीन ब्रँड एकत्र आले ते पेप्सीमुळे. पेप्सीकोने 1977 मध्ये पिझ्झा हट घेतलं, 1978 मध्ये टॅको बेल, 1986 मध्ये केएफसी, डोक्यात सरळ हिशोब की आपलंच हॉटेल असेल तर तिथे आपलंच कोल्ड्रिंक विकलं जाईल. पण हॉटेलं उभी करण्यात पैसा फार अडकतो, शिवाय बाकीच्या हॉटेल चेन पेप्सी घ्यायला नाखूष, कारण आपल्याच स्पर्धकाकडून माल कोण घेईल. शेवटी ऑक्टोबर 1997 मध्ये पेप्सीकोने हे तिन्ही वेगळे काढून दिले, त्या कंपनीचं नाव तेव्हा ट्रायकॉन होतं, यम हे नाव 2002 मध्ये आलं. वेगळं होताना या कंपनीच्या डोक्यावर साडेचार अब्ज डॉलरचं कर्ज होतं, म्हणून मग स्वतःची हॉटेलं फ्रँचायझीवाल्यांना विकत जायचं हे तेव्हापासूनच सुरू झालं, आणि 2016 मध्ये तर जाहीरच केलं की 2018 संपेपर्यंत 98 टक्के फ्रँचायझी करणार, आणि केलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आतून एकच असतं का. गिऱ्हाइकाला दिसतं ते सगळं मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. प्रत्येक ब्रँडचा प्रमुख वेगळा, मेनू ठरवणारी टीम वेगळी, जाहिरात वेगळी, अमेरिकेत ऑफिसंसुद्धा वेगळी, टॅको बेल कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला आणि पिझ्झा हट टेक्सासमध्ये प्लेनोला, 2025 मध्ये केएफसीचं अमेरिकेतलं ऑफिसही लुईव्हिलहून प्लेनोला न्यायचं ठरलं तेव्हा केंटकीतल्या लोकांना वाईट वाटलं, नावातच केंटकी आहे ना. एका छताखाली दोन ब्रँड हा प्रयोग त्यांनी मनापासून करून बघितला होता, 2002 मध्ये लाँग जॉन सिल्व्हर्स आणि ए अँड डब्ल्यू या दोन चेन विकत घेतल्या त्याच एकाच काउंटरवर दोन-दोन ब्रँड लावायचे म्हणून, आणि 2011 मध्ये दोन्ही विकून टाकल्या. किचनमध्ये उभं राहिलेला माणूस याचं कारण लगेच सांगेल. चिकनचं काम म्हणजे मॅरिनेशन, ब्रेडिंग, प्रेशर फ्रायर आणि मग होल्डिंग कॅबिनेट म्हणजे तळलेले पीस गरम ठेवायचं कपाट, वेळ संपली की पीस फेकायचाच. पिझ्झ्याचं काम म्हणजे पीठ फुगवणं, टॉपिंग मोजून टाकणं आणि ओव्हन. रविवारी रात्री आठ वाजता दोन्हीची गर्दी एकदमच येते, आणि जो पोरगा ब्रेडिंगला पक्का झालाय त्याला पिझ्झ्याच्या मेकटेबलवर, म्हणजे पिझ्झा बनवायच्या टेबलावर, उभं केलं की दोन्हीकडची ऑर्डर रखडते. पीस पिठात किती वेळा घोळवायचा इथपर्यंत आकड्यात ठरलेलं असतं, तो हात बसायलाच आठवडे जातात.

पण पडद्यामागे मात्र बरंच एकत्र असतं आणि खरी ताकद तिथे आहे. अमेरिकेत या ब्रँडच्या मालाची खरेदी एक सहकारी संस्था करते, तिचे सभासद म्हणजे फ्रँचायझीवाले आणि कंपनी. आपल्याकडे दूध संघ आणि साखर कारखाने बघितलेल्या माणसाला हे पटकन कळेल, फक्त इथे विकण्याऐवजी विकत घेण्यासाठी एकत्र आलेत, चीज, तेल, खोके, पेपर कप सगळं एकदम हजारो दुकानांसाठी घेतलं की एकट्या दुकानदाराला जो भाव कधीच मिळाला नसता तो मिळतो. सॉफ्टवेअरचंही तसंच, 2021 मध्ये ऑर्डर, किचन आणि डिलिव्हरीचं गणित करणारी ड्रॅगनटेल ही ऑस्ट्रेलियन कंपनी त्यांनी विकत घेतली आणि 2025 मध्ये बाइट या नावाखाली सगळ्या ब्रँडसाठी एकच सिस्टीम जाहीर केली. एकदा बनवायचं आणि सगळीकडे लावायचं, बारक्या चेनला हे परवडत नाही.

सामायिक खरेदीचं सांगितलं म्हणून दुसरी बाजूही सांगतो. फेब्रुवारी 2018 मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीने चिकन पोचवणारी कंपनी बदलली, नवीन व्यवस्था एकाच मोठ्या गोदामावर अवलंबून, तिथे गोंधळ झाला आणि 900 पैकी बहुतेक दुकानांना टाळं लागलं, चिकनच्या दुकानात चिकन नाही. पुढच्याच महिन्यात काही दुकानांसाठी जुन्या कंपनीकडे परत जावं लागलं. सप्लाय चेन हा शब्द ट्रेनिंगमध्ये ऐकला तेव्हा नुसता शब्द होता, ही बातमी वाचल्यावर आमच्या एरिया ऑफिसमध्ये आठवडाभर त्याच्यावरच बोलणं चाललेलं.

आता भारत. केएफसी बंगळूरला 1995 मध्ये आलं आणि पिझ्झा हट त्याच्या पुढच्या वर्षी. इथे यम तुमच्या-माझ्यासारख्याला एकेक दुकान देत नाही, मोठ्या कंपन्यांना राज्यांच्या हिशोबाने इलाखे वाटून देते. देवयानी इंटरनॅशनल आणि मुंबईची सफायर फूड्स या दोन मोठ्या, दोघींनी केएफसी आणि पिझ्झा हट दोन्ही चालवले, दोघींचे शेअर 2021 मध्ये बाजारात आले. देवयानी रवी जयपुरियांच्या ग्रुपची आणि पेप्सी बाटलीत भरणारी वरुण बेव्हरेजेस पण त्यांचीच, म्हणजे पेप्सीचं जुनं नातं असं फिरून इथेही भेटतं. टॅको बेल भारतात 2010 मध्ये आलं, ते पुढे बर्मन हॉस्पिटॅलिटीकडे गेलं.

तर फूड कोर्टमध्ये तुम्हाला जे शेजारी शेजारी दिसलं त्याचं उत्तर बहुतेक वेळा अमेरिकेत नसतंच, ते या फ्रँचायझी कंपनीत असतं. मी ज्या फूड कोर्टमध्ये होतो तिथे शेजारचा पिझ्झ्याचा मॅनेजर आणि मी एकाच कंपनीच्या पगारावर, एचआर एक, मॉलशी भाड्याचं बोलणं एकत्र, पण आमचा युनिफॉर्म वेगळा, किचन वेगळं, ऑडिट वेगळं, ऑडिटला माणूस आला तर माझ्याकडे माझ्या ब्रँडचं पुस्तक घेऊन यायचा आणि शेजारच्या मॅनेजरकडे त्याच्या ब्रँडचं. आणि दोन ब्रँड जवळ असण्याचा फायदा काय हे मला श्रावणात कळलं. गटारीच्या रविवारी आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसायचा, मॅरिनेशन आदल्या रात्रीपासून, आणि मग श्रावण लागला की काउंटरसमोर फरशी दिसायची, नवरात्रात परत तेच. शेजारी पिझ्झ्याकडे मात्र व्हेज मेनू मोठा असल्याने घरचे सगळे येऊन बसायचे. कंपनीच्या हिशोबात एकाची पडती बाजू दुसऱ्याने थोडी तरी सावरली. हे कुठल्या अमेरिकन पुस्तकात लिहिलेलं नसणार, पण महाराष्ट्रात चिकन विकणाऱ्याने पंचांग बघूनच ऑर्डर टाकायची असते. नवीन मॅनेजरला मी हे पहिल्या दिवशी सांगायचो.

चीनमध्ये तर यमने अजून पुढची पायरी गाठली. तिथे धंदा इतका वाढला की 1 नोव्हेंबर 2016 ला यम चायना ही पूर्ण वेगळी कंपनी करून टाकली, तीच सगळं चालवते आणि मूळ यमला विक्रीच्या 3 टक्के देते. तिथल्या केएफसीत सकाळी भाताची पेज मिळते. मला वाटतं हे बरोबरच आहे, लुईव्हिलमध्ये बसून बीजिंगच्या माणसाचा नाश्ता ठरवता येत नाही.

आणि ब्रँड सांभाळता येतो तसा सोडताही येतो हेही ध्यानात ठेवा. अमेरिकेत पिझ्झा हट बरीच वर्षं मागे पडत चाललंय, त्यांची लाल छपराची बसून खायची मोठी हॉटेलं होती आणि गिऱ्हाईक गेलं डिलिव्हरीकडे. नोव्हेंबर 2025 मध्ये यमने जाहीर केलं की पिझ्झा हटचं पुढे काय करायचं याचे सगळे पर्याय तपासतोय, त्यात विकणंही आलं. ज्या पोरांनी मेकटेबलवर हात बसवलाय त्यांना त्याने उद्या सकाळी फरक पडत नाही, त्यांचा मालक फ्रँचायझीवाला आहे, पण त्या फ्रँचायझीवाल्याचा करार कोणाशी राहणार हे बदलू शकतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की नागपूरला स्वतःची एक केएफसी काढता येईल का. इलाखे आधीच वाटलेले असल्याने एकट्या माणसाला एकच दुकान असं सहसा मिळत नाही, आणि "केएफसी डीलरशिप" म्हणून फोन करून आधी रजिस्ट्रेशन फी मागणारे फसवणारे असतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका. जागा तुमची असेल आणि चांगल्या रस्त्यावर असेल तर ती भाड्याने देण्यासाठी या कंपन्यांच्या बिझनेस डेव्हलपमेंटच्या लोकांना जरूर भेटा, त्यांना जागा सतत हव्याच असतात. जागेचा साइज, फ्रंटेज म्हणजे रस्त्याकडची रुंदी, लाइटचा लोड आणि एक्झॉस्टची चिमणी वरपर्यंत नेता येते का एवढं आधी काढून ठेवा, पहिल्या भेटीत हेच विचारतात.