डंगरी, जीन आणि गोणी

प्रश्न : इंग्रजीच्या धड्यात ‘डंगरीज’ हा शब्द आला आणि वर्गात त्याची तीन वेगवेगळी स्पेलिंगं निघाली. बरोबर कोणतं? एका मुलाने हा शब्द डोंगराशी जोडला, दुसऱ्याने डांगराशी. अर्थ आणि मूळ दोन्ही सांगा. – एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : स्पेलिंग आहे डी-यू-एन-जी-ए-आर-डबल ई. एन एकच, आर एकच. मुलांच्या लक्षात ठेवायला सोपी खूण अशी : ‘बंगलो’ या शब्दात बी नंतर यू-एन-जी-ए ही चार अक्षरं येतात, तीच इथे डी नंतर येतात. शेवटची ‘री’ मात्र बंगलोसारखी नाही, तिथे रुपयाच्या ‘रुपी’ या शब्दातली डबल ई लागते. ही जोडी उगाच जुळलेली नाही. दोन्ही शब्द भारतातून इंग्रजीत गेले आणि त्या काळचे इंग्रज आपला ‘अ’, बरेचदा ‘उ’ही, यूने व शेवटची ‘ई’ डबल ईने लिहीत. जुन्या लिखाणात जी नंतर ए ऐवजी ई घातलेलंही दिसतं, पण आज ते चूक धरलं जाईल. उच्चारात ‘ग’ स्पष्ट ऐकू येतो आणि जोर शेवटच्या ‘री’वर असतो.

मूळ विचाराल तर डोंगर म्हणणारा मुलगा बरोबर आहे. मुंबईतल्या डोंगरी भागाच्या नावावरून एका जाड्याभरड्या सुती कापडाला हे नाव पडलं. इंग्रजी कोश मूळ रूप ‘डुंगरी’ असं देतात. मराठीत डोंगर म्हणतात तेच गुजरातीत डुंगर, त्यामुळे स्पेलिंगमध्ये ओ नसून यू का आहे, याचं कोडं फारसं उरत नाही. डांगराशी, म्हणजे लाल भोपळ्याशी, या शब्दाचं काही नातं नाही. नुसत्या आवाजाच्या साम्यावर शब्दाचं मूळ ठरवू नये, हे वर्गात सांगायला हे चांगलं उदाहरण आहे : डोंगरीच्या बाजूने ठिकाण आणि कापड असा दुवा आहे, डांगराच्या बाजूने काहीच नाही.

अर्थ तीन टप्प्यांत सरकला. आधी ठिकाण. मग तिथलं स्वस्त, टिकाऊ, बहुधा निळं कापड. ते शिडांना, तंबूंना आणि खलाशांच्या कपड्यांना वापरत. शेवटी त्या कापडाची कामाची विजार. आज ब्रिटिश इंग्रजीत ‘डंगरीज’ म्हणजे छातीवर तुकडा आणि खांद्यावरून पट्टे असलेली विजार. ती नेहमी अनेकवचनी, ‘ट्राउझर्स’सारखी. ‘अ डंगरी’ असं मुलं लिहितात, तिथे ‘अ पेअर ऑफ डंगरीज’ करून घ्या.

मराठीत मात्र ‘ती डंगरी’ हे स्त्रीलिंगी एकवचन आता रुळलं आहे आणि ते तसंच राहू द्यावं. फौजेत आणि गॅरेजमध्ये अंगभर घालायच्या कामाच्या कपड्याला ‘डांगरी’ म्हणतात, तोही हाच शब्द. कपड्यासाठी ‘डोंगरी’ लिहू नका, असं आमचं मत आहे. मूळ तेच असलं तरी ते ठिकाणाचं नाव आहे आणि वाचणारा अडखळतो.

प्रश्न : डंगरी, डेनिम आणि जीन्स यांत कापडाचा फरक काय? लहान मुलांच्या डंगऱ्या शिवतो. धुतल्यावर रंग जातो आणि पाय पिळल्यासारखा फिरतो, गिऱ्हाईक परत येतं. – एक शिंपी, जालना

उत्तर : आधी शब्द. डेनिम हे फ्रान्समधल्या नीम शहराच्या सर्ज कापडावरून आणि जीन हे इटलीतल्या जिनोआवरून आलं, असं कोश मानतात. आपल्याकडे खाकी जीनच्या चड्ड्या शिवत, तो जीन हाच. जालना-परभणीकडे कापूस ‘जीनवर’ घालतात तो शब्द वेगळा, तो ‘एंजिन’चं आखूड रूप आहे. घोड्याचं जीन तिसरं, ते फारसीतून आलं. एका उच्चाराचे तीन शब्द, आणि एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही.

आता कापड. जुनी डंगरी साध्या विणीची, एकावर एक खाली अशी. डेनिम तिरप्या विणीचं : ताण्याचा (उभा) धागा तीन बाण्यांवरून (आडव्या धाग्यांवरून) जाऊन चौथ्याखाली शिरतो. ताणा निळा, बाणा पांढरा, म्हणून डेनिम वरून निळं आणि आतून फिकट दिसतं. तुमच्या हातातली आजची डंगरी बहुतेक डेनिमचीच असणार.

रंग का जातो, ते एक धागा उसवून पाहा. निळ्या ताण्याचा धागा कात्रीने कापा आणि कापलेलं टोक उजेडात धरा : बाहेर निळं कडं, मधे पांढरा गाभा. डेनिमचा हा निळा रंग म्हणजे नीळ (इंडिगो), आणि ती पाण्यात विरघळत नाही. क्षार आणि ऑक्सिजन काढून घेणारं रसायन घालून ती विरघळवतात, तेव्हा द्रावण पिवळट हिरवं होतं. धागा त्यात बुडवून हवेत काढला की तो निळा होतो. हे पुनःपुन्हा केल्याने रंगाचे थर धाग्याच्या बाहेरच साठतात, आणि घासलं की तेच निघतात. म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवून नीळ पक्की होत नाही. मीठ दुसऱ्या जातीच्या रंगांना, तेही रंगवताना, उपयोगी पडतं. गिऱ्हाइकाला सांगा : उलटं करून, गार पाण्यात, वेगळं धुवा, सावलीत वाळवा. पहिल्या दोन-तीन धुण्यांत पांढरा शर्ट बरोबर टाकू नका.

पाय फिरतो तो तिरप्या विणीच्या ओढीने. मागावर ताणलेलं कापड पाण्यात सैल पडतं आणि तिरप्या रेघेच्या दिशेने सरकतं. चांगल्या गिरण्या ही ओढ आधीच काढून देतात, स्वस्त मालात ती राहते. त्यात कापड वाचवायला एखादा तुकडा जरा आडवा बेतला की पाय फिरलाच म्हणून समजा. बेतण्याआधी कापड रात्रभर भिजवा, न पिळता वाळवा. मग एका टोकाचा एक बाणा ओढून काढा, त्या रेघेवर कापड सरळ कापा आणि दोन्ही पाय काठाला समांतर, एकाच दिशेने बेता.

आटण्याचा अंदाज हवा असेल तर तुकड्यावर पेनाने २५ सेंटिमीटरचा चौकोन काढून तो धुवा. बाजू २४ भरली तर आट ४ टक्के. आधी न आटवलेलं डेनिम १० टक्क्यांपर्यंत आटू शकतं.

वजन औंसात सांगतात, ते एका चौरस वाराचं. १ औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम. मुलांसाठी, आणि आपल्याकडचा उन्हाळा पाहता, ६ ते ८ औंस पुरे. १२ औंसाची डंगरी मूल एप्रिलमध्ये अंगावर ठेवणार नाही. सुई जाड कापडाला १६ नंबर, हलक्याला १४. ११ नंबरची मोडते. टाका ३ मिलिमीटर. दोन पायांच्या जोडावर कापडाचे बरेच पदर येतात, तिथे आधी हातोडीने ठोकून सपाट करा आणि चाक हाताने फिरवा. एक माप बरेचदा राहून जातं : खांद्यावरून दोन पायांमधून परत खांद्यापर्यंतचा पूर्ण वळसा. त्यात ४-५ सेंटिमीटर ढिल सोडली नाही तर मूल खाली बसताच पट्टे खांद्यात रुततात.

प्रश्न : बारदान्यावर ‘गनी बॅग’ लिहितात. हा शब्द गोणीचाच का? – एक शेतकरी, सेलू

उत्तर : हो, गोणीचाच. शब्द फार जुना आहे, पाणिनीच्या सूत्रांतही ‘गोणी’ आहे. इंग्रजीत जी-यू-डबल एन-वाय. एन दोनदा यायलाच हवा, ‘सनी’ आणि ‘फनी’मध्ये येतो तसा, नाहीतर आधीचा स्वर लांबतो. ‘बारदाना’ मात्र फारसीतून आलेला. माल मोजून देताना शब्दापेक्षा वजन बघा : धान्याची ५० किलोची प्रचलित तागाची गोणी रिकामी ५८० ग्रॅम भरते. वजा धरताना अख्खा किलो कापत असतील, तर रिकामी गोणी काट्यावर ठेवायला सांगा.