व्हॅस्क्युलर ओपीडीत फक्त डॉप्लर करायची नोकरी घ्यावी का?

तुमची एमडी रेडिओलॉजी संपत आलीय. नागपुरातल्या एका व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनच्या ओपीडीत रोज फक्त डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायची नोकरी चालून आलीय, पण सीटी-एमआरआयचा सराव सुटेल आणि काम एकसुरी होईल, अशी धास्ती तुम्हाला वाटतेय. मी रामदासपेठेत नऊ वर्षं हेच काम करतेय. सराव सुटायची धास्ती खरी आहे. मी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दुसरीकडे सीटी वाचायला बसते, म्हणून माझा टिकला. एकसुरी मात्र हे काम मला कधी वाटलं नाही.

सीटीचं चित्र आपल्यासमोर तयार येतं. डॉप्लरचं आपल्याला काढावं लागतं, आणि पेशंटला कसं ठेवून काढलं त्यावर उत्तर बदलतं. हे मी माझ्या चुकीतून शिकले. पहिल्याच वर्षी मिठाईच्या भट्टीवर दिवसभर उभा राहणारा एक माणूस आला होता. पाय जड, घोट्याजवळ कातडी काळवंडलेली. बाहेर गर्दी होती, म्हणून मी त्याला आडवंच ठेवून तपासलं आणि 'रिफ्लक्स नाही', म्हणजे शिरेत रक्त उलटं येत नाही, असं लिहून दिलं. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याच जागी जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. या वेळी त्याला उभं केलं. भार दुसऱ्या पायावर, तपासायचा पाय गुडघ्यात जरा वाकवून बाहेर वळवलेला. जांघेखाली प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) धरून पोटरी दाबली, तशी पायाच्या आतल्या बाजूची सॅफेनस शीर पडद्यावर निळी झाली, म्हणजे रक्त वर निघालं. हात सोडला आणि ती लाल झाली, म्हणजे रक्त उलटं खाली यायला लागलं, ती लालच राहिली. मोजलं तर तीन सेकंदांच्या वर. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त उलटं आलं तरी त्या शिरेच्या झडपा निकामी धरतात. पहिला रिपोर्ट चुकला होता हे मी त्याला आणि सर्जनना त्याच दिवशी सांगितलं. त्याचे ते तीन महिने माझ्यामुळे गेले, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हापासून व्हेरिकोजचा, म्हणजे फुगलेल्या शिरांचा, पेशंट मी उभाच तपासते. परवा एका आजींनी विचारलं, "उभं काऊन ठेवलं जी मले? पडीन न मी." खरंच चक्कर येते काहींना. म्हणून मदतनीस ताई शेजारी आणि पलंग पाठीशी लागतोच.

आपल्या विदर्भात सुजलेला पाय हा वेगळाच अभ्यास आहे. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरकडून माणूस येतो आणि घरच्यांनी आधीच हत्तीपाय ठरवलेला असतो. कधी तो असतोही. तेव्हा शिरा व्यवस्थित वाहताना दिसतात आणि कातडीखाली पाणी साचलेलं दिसतं. पण प्रोबने दाबल्यावर कागदासारखी मिटायला हवी ती शीर मिटली नाही, तर आत गुठळी आहे. मग रिपोर्ट छापून यायची वाट न बघता सर्जनना तिथूनच फोन करायचा. पाय एकाएकी, एकाच बाजूचा सुजला असेल तर मी जांघेपासून घोट्यापर्यंत प्रत्येक शीर दाबून बघते, पोटरीतल्या बारीकही. कंटाळा करायची जागा ही नव्हे.

मधुमेहींच्या बाबतीत आकड्यावर भिस्त ठेवू नका. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं, हा एबीआय ०.९ किंवा त्याखाली आला तर धमनीत अडथळा समजतात. पण चुना साचलेली धमनी बीपीच्या पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा १.४ च्याही वर जातो. मग डॉप्लरच्या आवाजाला कान लावायचा. निरोगी धमनीचा आवाज तीन ठोक्यांचा, खणखणीत असतो. वर कुठे अडलं असेल तर खाली नुसता एक मंद फुसकारा उरतो. डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, त्याआधी हाताच्या शिरा मोजायचं कामही येईल. ते लवकर जमतं.

कायद्याचं थोडक्यात. फक्त पाय बघणार असलात तरी मशीनची आणि जागेची गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी लागतेच, आणि तिथे तुमचं नाव नोंदलेलं असल्याशिवाय प्रोब हातात घेऊ नका. 'होईल हळूहळू' असं कोणी म्हणालं तर थांबा.

पगाराआधी एक विचारा: दोन्ही पायांच्या शिरांना किती वेळ देणार? मला चाळीस मिनिटं लागतात. पंधरात उरका म्हणत असतील तर घेऊ नका, कारण मग तुम्ही पेशंटला आडवंच तपासाल. दुसरं, पेशंटला उभं राहायला रुंद पायरी आणि धरायला कठडा आहे का, ते स्वतः जाऊन बघा. पायरी नसेल तर तुम्हाला जमिनीवर वाकून बसावं लागेल. माझा उजवा खांदा त्यातच गेला आणि दुसऱ्या वर्षी सहा आठवडे फिजिओथेरपी घ्यावी लागली. या दोन्ही गोष्टी मिळत असतील तर बिनधास्त हो म्हणा.