व्हीएम अडला? आधी होस्टकडे पाहा

प्रश्न : अकाउंट्सचा विंडोज व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) मंद होता, म्हणून त्याचे व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) ४ वरून १२ केले. आता तो आणखीच रखडतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३० टक्क्यांवरही जात नाही. होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात तो खरा सर्व्हर) ईएसएक्सआयचा, म्हणजे व्हीएमवेअरच्या प्रणालीचा, १६ कोअरचा. त्यावर १४ व्हीएम आहेत.

टास्क मॅनेजरला फक्त व्हीएमच्या आतलं दिसतं. खरा कोअर मिळेपर्यंत व्हीएम रांगेत किती थांबला, हे त्याला कळत नाही. त्या थांबण्याला ‘सीपीयू रेडी’ म्हणतात आणि तो होस्टवरच पाहावा लागतो. व्हीस्फिअरच्या (व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या) रिअल-टाइम आलेखात तो मिलिसेकंदांत असतो आणि प्रत्येक नोंद २० सेकंदांची असते. म्हणजे संपूर्ण व्हीएमचा आकडा १२,००० असेल, तर २०,००० ने भागून ६० टक्के आणि १२ व्हीसीपीयूंत वाटून प्रत्येकी ५ टक्के. इथून पुढे मी सावध होतो. १० टक्क्यांना वापरणाऱ्यांचे फोन सुरू झालेले असतात.

तुमच्याकडे दुसरी भरही पडली असणार, ‘को-स्टॉप’ची. एकाच व्हीएमचे काही व्हीसीपीयू पुढे गेले आणि बाकीचे रांगेत अडकले, की हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, इथे ईएसएक्सआय) पुढच्यांना थांबवून ठेवतो. व्हीसीपीयू जितके जास्त, तितकं हे वाढतं. होस्टवर ‘ईएसएक्सटॉप’ ही कमांड उघडून सी दाबा, आरडीवाय (रेडी) आणि सीएसटीपी (को-स्टॉप) हे रकाने पाहा. मग व्हीएम बंद करून पुन्हा ४ वर आणा. शेजारच्या १३ व्हीएमना कुणी उगाच ८-८ दिलेत का, तेही तपासा. रांग त्यांच्यामुळेच लागते.

राहिला मूळचा मंदपणा. ३० टक्के सीपीयू वापरणाऱ्या व्हीएमची तक्रार बहुधा डिस्कची असते. ईएसएक्सटॉपमध्येच यू दाबून डीएव्हीजी (स्टोरेजला लागणारा सरासरी वेळ) पाहा. तो सतत २५ मिलिसेकंदांच्या वर असेल, तर स्टोरेजकडे वळा. केएव्हीजी (होस्टच्या आत लागणारा वेळ) चढलेला असेल, तर अडथळा होस्टमध्येच आहे.

प्रश्न : डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल्स ठेवण्याची जागा) भरला आणि मेल सर्व्हर थांबला. तीन महिन्यांपूर्वीचा स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) तसाच राहिला होता. त्याची डेल्टा फाइल उडवू का?

नका, कृपा करून नका! स्नॅपशॉट घेतल्या क्षणापासून मूळ डिस्कवर लिहिणं थांबतं आणि नवा मजकूर डेल्टा फाइलमध्ये जातो. तुमच्या तीन महिन्यांच्या मेल त्याच फाइलमध्ये आहेत.

आधी थोडी जागा करा. त्याच डेटास्टोअरवरचा कमी महत्त्वाचा एखादा व्हीएम बंद करा. त्याची व्हीएसडब्ल्यूपी (मेमरीची स्वॅप) फाइल निघून जाते. रिझर्व्हेशन (राखीव मेमरी) नसलेल्या १६ जीबी मेमरीच्या व्हीएममागे १६ जीबी सुटतात. जमलं तर एखादा व्हीएम दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवा. मग स्नॅपशॉट मॅनेजरमधून ‘डिलीट ऑल’ द्या. ते ९९ टक्क्यांवर तासन्‌तास थांबलेलं दिसेल. आत डेल्टाचं मूळ डिस्कमध्ये विलीनीकरण चालू असतं, त्या वेळी होस्ट रीस्टार्ट करू नका. स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं व्हीएमवेअरच सांगते. स्नॅपशॉटच्या आकारावर अलार्म आजच लावा.

प्रश्न : प्रॉक्समॉक्सच्या (व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या एका प्रणालीच्या) दोन नोडच्या, म्हणजे जोडलेल्या दोन सर्व्हरच्या, क्लस्टरमधला एक नोड बंद पडला. दुसरा चालू असूनही त्यावर व्हीएम सुरू होत नाही, ‘नो क्वोरम’ (बहुमत नाही) असं येतं.

प्रत्येक नोडचं एक मत; दोन मतांत बहुमत दोनाचंच. एक मत गेलं की उरलेला नोड कॉन्फिगरेशन फक्त वाचण्यापुरतं ठेवतो. चालू असलेले व्हीएम चालतात, नवा सुरू होत नाही. दुसरा नोड खरोखर बंद आहे, हे स्वतः जाऊन पाहा. नुसतं नेटवर्क तुटलेलं असेल आणि सामायिक स्टोरेजवरचा एकच व्हीएम दोन्हीकडे सुरू झाला, तर डिस्क खराब होते. खात्री पटल्यावरच ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’ (एकच मत पुरेसं धर) ही कमांड द्या. कायमचा उपाय म्हणजे तिसरं मत: क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारं बाहेरचं यंत्र. त्याला रास्पबेरी पाय हा छोटासा संगणकसुद्धा पुरतो.

प्रश्न : व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सवर आणलेला विंडोज सर्व्हर निळा पडदा दाखवतो : ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

विंडोजकडे व्हर्टआयओचा (प्रॉक्समॉक्सच्या आभासी हार्डवेअरचा) ड्रायव्हर नाही. डिस्क तात्पुरती साटा (विंडोजला आधीच ओळखीची जोडणी) म्हणून जोडा, सोबत १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझी या जोडणीवर द्या आणि विंडोज चालू झाल्यावर ड्रायव्हर बसवा. मग बंद करून मूळ डिस्कही स्कझीवर आणा आणि बूट ऑर्डर पुन्हा लावा. तरीही बूट होत नसेल, तर जुना व्हीएम बायोसचा होता की यूईएफआयचा (संगणक सुरू करण्याच्या दोन पद्धती), ते जुळवून पाहा.