१.९ की २.८ ऑटोमॅटिक: इंजिनाआधी आरसी बघा

संकेश्वरकर, तुमचा प्रश्न असा: रोज संकेश्वरहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ये-जा, आठवड्याला खानापूरकडच्या शेतावर फेरी, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा. एवढ्याला इसुझु व्ही-क्रॉस या पिकअपची १.९ लिटर ऑटोमॅटिक पुरेल, की टोयोटाच्या हायलक्स पिकअपच्या २.८ लिटरला जास्तीचे पैसे घालावेत? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ, की कोल्हापूरची वापरलेली १.९ स्वस्तात मिळतेय. बाकी मंडळी इंजिनावरून भांडतायत. माझी नजर मात्र त्या शेवटच्या ओळीवरच अडकली, कारण ते प्रकरण मी भोगलंय. आधी इंजिन संपवतो, मग तिकडं वळू.

ऑटोमॅटिक घ्यावी का, डबल कॅब म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. तुम्ही ठरवूनच आलाय.

आकडे थोडक्यात. व्ही-क्रॉसचं इंजिन १८९८ सीसीचं, बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या रूपात १६३ पीएस (अश्वशक्ती) आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. हायलक्सचं २७५५ सीसी, २०४ पीएस, आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर. तिच्याच मॅन्युअलला ४२० मिळतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दोन्हींचा गिअरबॉक्स सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला. आपल्याकडे हायलक्स फक्त फोर बाय फोरमध्येच येते, म्हणजे चारही चाकांना जोर देता येतो; व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक फोर बाय टू, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर, अशा साध्या रूपातही मिळते. थायलंड-ऑस्ट्रेलियात इसुझु याच गाडीची नवी पिढी ३ लिटरच्या इंजिनातही विकते, १९० पीएस आणि ४५० न्यूटन-मीटर. ती इथं आली असती तर हा धागा तिथंच संपला असता. आली नाही.

कागदावर ३६० आणि ५०० मध्ये मोठी दरी दिसते. रोजच्या वापरात ती कुठं जाणवते, ते महत्त्वाचं. खडे बाजार, गणपत गल्ली, टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाची रांग, इथं अजिबात जाणवत नाही. तिथं छळते ती लांबी. दोन्ही गाड्या सव्वापाच मीटरच्या पुढं आहेत, आणि शहापूरच्या गल्लीत वळवताना तुमचं इंजिन १.९ आहे की २.८ हे समोरच्या रिक्षावाल्याला काही पडलेलं नसतं. उलट रांगेत लहान इंजिनच बरं वाटतं. हळू सोडलं की गाडी गुपचूप सरकते.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, हायवेला ८० वरून १०० ला जाऊन उसाची ट्रॉली मागं टाकताना. १.९ मध्ये पाय दाबला की गिअरबॉक्स आधी एक-दोन गिअर खाली उतरतो, इंजिन ओरडतं, मग गाडी सुटते. तेवढा क्षण हिशोबात धरायला शिकावं लागतं. २.८ मध्ये जोर १६०० आरपीएमपासूनच हाताशी असतो, त्यामुळं ती खाली न उतरताच ओढून नेते. दोन, माल भरून घाट चढताना. वंटमुरीचा चढ सोडा, तो कुणीही चढतं. कणकुंबीच्या पुढं चोर्ल्याची वळणं, पावसाळा, मागं माल आणि आत पाच माणसं, अशा वेळी १.९ चढते, पण चढतेय हे तुम्हाला सतत सांगत राहते. उतरताना दोघींनाही मॅन्युअल मोडमध्ये खालच्या गिअरला टाका. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर गाडी कुठलीही असो, ब्रेक तापणारच.

माझं मत विचाराल तर: महिन्यातले बहुतेक दिवस एकटे, रिकाम्या हौद्यानं फिरणार असाल तर १.९ भरपूर झाली. ट्रेलर ओढणार असाल, किंवा गोव्याची फेरी नेहमीची आणि भरलेली असेल, तर २.८. 'पुढं-मागं लागेल' म्हणून २.८ घेऊ नका. तसं कधी लागत नाही. हे मत माझ्या १.९ वरून आणि पाव्हण्यांच्या हायलक्सवर केलेल्या थोड्याफार ड्रायव्हिंगवरून आहे, तेव्हा चिमूटभर मीठ घालूनच घ्या.

मायलेज: माझी गावात नऊ-दहा देते, हायवेला नव्वदच्या आत ठेवली तर बारा-तेरा. पाव्हण्यांची त्याहून कमी देते. किती कमी ते त्यांच्या पायावर. डिझेल सीमेच्या कुठल्या बाजूला भरायचं हा आपला जुना छंद, पण कर्नाटकानं जून २०२४ मध्ये आणि परत एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा विक्रीकर वाढवल्यापासून त्यात पूर्वीसारखी मजा राहिली नाही. एक मात्र सांगतो. बीएस-६ डिझेलला धुराची जाळी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला गाडी सलग काही वेळ गरम धावावी लागते. तुमचं संकेश्वर-बेळगाव अंतर त्याला उत्तम आहे. पण घरातलं कुणी ती फक्त दूध-भाजीला वापरणार असेल, तर दोन्ही इंजिनं सारखीच रुसतील.

आता पैसे. कर्नाटकात खासगी गाडीला २० लाखांच्या वर १८ टक्के लाइफटाइम टॅक्स, वर त्या टॅक्सवर सेस. महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीला त्याच किमतीत १५ टक्के. म्हणजे २.८ ची जादा किंमत शोरूममध्ये संपत नाही, टॅक्समध्येही चढते. ३० लाखांच्या गाडीला नुसता टॅक्सच ५ लाख ४० हजार, सेस वेगळा. म्हणूनच आपल्याकडं अर्धं बेळगाव कोल्हापूरच्या एमएच-०९ नंबराकडं आशेनं बघतं. चंदगडला मामा, कागलला मेहुणी, पत्ता मिळतोच. माझ्या मते या वाटेला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यायला हवा. रोज हत्तरगीच्या टोलवरून जाणारी गाडी महाराष्ट्रात असते, हे कुणाला पटवणार?

तर कोल्हापूरची गाडी. मीही तशीच वापरलेली १.९ ऑटोमॅटिक महाराष्ट्रातून आणली, आणि पहिल्या दिवसापासून रीतसर केए-२२, म्हणजे बेळगावचा नंबर, करायचं ठरवलं. तिकडून एनओसी विनातक्रार मिळाली. अडलं ते अलीकडं, एका आरटीओ कार्यालयात. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही.

पहिल्या खिडकीवरचे गृहस्थ गाडीचा फोटो बघून म्हणाले, मागं हौदा आहे म्हणजे मालवाहू, पिवळी पाटी लावा. जुन्या आरसीवर खासगी लिहिलंय, पाटी पांढरी आहे, विमा खासगीचा आहे, हे सगळं दाखवलं. ते तिकडचं, म्हणाले. तपासणीचे साहेब वेगळंच बोलले: पाच सीट, पांढरी पाटी, कारचा टॅक्स भरा. मला दुसरं मान्य होतं, जास्त पैसे जात होते तरी. पण साहेबांचं बोलणं फाइलवर उतरेना आणि खिडकी फाइल पुढं सरकवेना. 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या, ऐकायचं आणि परत फिरायचं. माझं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळं भांडताही धड येईना. बाहेर एजंट उभेच. त्यांचा सल्ला, गुड्समध्ये टाका, टॅक्स अगदी किरकोळ बसतो, नंतरचं नंतर बघू. हे 'नंतरचं नंतर' कसं येतं ते ऐका: मालवाहू वर्गात गेलात की सुरुवातीची आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, पुढं दरवर्षी. विमा वेगळ्या प्रकारचा. आणि आरसी एका वर्गाची, पॉलिसी दुसऱ्या वर्गाची असताना अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी विमावाले काय म्हणतील ते तुम्हीच ओळखा. मी नको म्हटलं. एजंटानं माझ्याकडं असं बघितलं, की लेकरू शाळेत पहिल्यांदा आलंय.

त्या काळात गाडी घराच्या दारात उभी. हप्ता चालू, विमा चालू, बॅटरी उतरलेली, आणि उद्यमबागेला मी मोटारसायकलवर. रोज कुणीतरी विचारायचं, गाडी घेतली होती न्हवं?

सुटलं कशानं? लेखी अर्जानं. तोंडी बोलणं बंद केलं. अर्जाला जुन्या आरसीची, विक्री प्रमाणपत्राची म्हणजे फॉर्म २१ ची, आणि फॉर्म २२ ची, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याच्या कंपनीच्या प्रमाणपत्राची, प्रत जोडली. गाडी कुठल्या वर्गात नोंदवणार ते कारणासह लेखी कळवा, एवढंच मागितलं, आणि आवक शिक्का मारलेली प्रत घेऊनच बाहेर पडलो. शिक्का पडल्यावर खिडकीचा सूर बदलला. मग नवा वाद: टॅक्स कुठल्या किमतीवर? पहिल्या मालकाचं मूळ इन्व्हॉइस माझ्याकडं नव्हतं, तर त्यांनी नव्या गाडीची आजची किंमत धरली. मालकाला शोधून, त्याच्याकडून शोरूमच्या इन्व्हॉइसची प्रत मागवून, तो आकडा खाली आणावा लागला. गाडीच्या वयाप्रमाणे टक्का कमी होतो, पण किंमतच फुगलेली धरली तर त्या सवलतीला अर्थ राहत नाही. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज वेगळा. तो पहिल्या मालकाच्या सहीशी कुठं अडकू नये म्हणून व्यवहाराच्या वेळीच त्याच्या सह्या घेऊन ठेवा.

मी वकील नाही, एजंट तर नाहीच. दर बदलतात, एकेका कार्यालयाची रीत निराळी असते. चिक्कोडीकडं एकाचं हेच काम विनासायास झाल्याचं ऐकलंय, तेव्हा तुमचं सरळ होईलही.

वापरलेली घेताना आणखी एक. व्ही-क्रॉसचा ऑटोमॅटिक २०१९ मध्ये १.९ बरोबर आला. त्याआधीच्या २.५ ला मॅन्युअलच होता, तेव्हा कुणी '२.५ ऑटोमॅटिक' म्हणाला तर फोन ठेवा. २०१९ ची बीएस-४ आहे, १५० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर. १६३ वाली २०२१ पासूनची. चालवताना फार फरक नाही, पण किंमत ठरवताना धरा.

आणि रिकामी पिकअप मागून उडते, हे मालकीण बाईंना आधी सांगून ठेवा. मागं पाट्यांचे स्प्रिंग, दोन्ही गाड्यांना. माल नसेल तेव्हा मागच्या टायरची हवा कंपनीनं रिकाम्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर आणा. पेट्रोल पंपावरचा पोरगा सवयीनं जास्त भरतो आणि मग सगळे सस्पेन्शनला शिव्या घालतात. खानापूरच्या लाल चिखलात फोर बाय फोर लावा, पण डांबरावर आलात की काढा.

चाचणी घेताना शोरूमच्या सर्व्हिस रोडवर फिरू नका. पाच माणसं बसवून वंटमुरी चढा, आणि १.९ मध्ये ट्रक मागं टाकून बघा. तेवढ्यात पटलं तर २.८ चा विचार सोडून द्या.

कोल्हापूरच्या त्या गाडीच्या आरसीवर वर्ग आणि बॉडी टाइप काय छापलंय ते इथं लिहा, नंबर झाकून. मूळ इन्व्हॉइस मालकाकडं आहे का तेही विचारा. तोवर टोकन देऊ नका, तो कितीही 'दुसरं गिऱ्हाईक आलंय' म्हणाला तरी.