चावी खिशात, गाडी उघडी!

प्रश्न: नव्या गाडीला चावी लावावीच लागत नाही, पर्समध्ये असली तरी हँडलला हात लावताच दार उघडतं. आम्ही तळमजल्यावर राहतो. चावी दाराजवळच्या खुंटीला, गाडी खिडकीखाली. कुणी नेली तर? आणि चावीचा सेल संपला तर?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: ताई, चावी त्या खुंटीवरून आजच हलवा. हँडलला हात लागला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्‌झवर हाक देते. ती जेमतेम दीड मीटर पोचते. चावी उलट, बहुधा ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, उत्तर देते. दर वेळी आकडा नवा, म्हणून कालचं उत्तर चोरून आज चालत नाही. पण चोर ते कोडं सोडवतच नाहीत! एक जण गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर यंत्र घेऊन उभा राहतो आणि गाडीची हाक चावीपर्यंत पोचवतो. गाडीला वाटतं, मालकीण शेजारीच आहे.

ही हाक अडवायला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, चावी आत ठेवा, डबा गाडीपाशी नेऊन हँडल ओढा. दार उघडलं तर तो डबा कुचकामी, दुसरा बघा. नौपाड्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये मी गिऱ्हाइकांना हे करूनच दाखवतो.

सेलचं सोपं आहे. गेल्या जुलैत एक काका भर पावसात अर्धा तास गाडीबाहेर उभे होते, आणि पात्याची चावी त्यांच्या हातातल्या रिमोटमध्येच होती! बाजूची खिट्टी दाबली की ती निघते. आत बसल्यावर रिमोट स्टार्ट बटणाला टेकवा. बऱ्याच गाड्यांत आतली चिप सेलशिवायही ओळख देते. तुमच्या गाडीत ती जागा वेगळी असेल तर पुस्तिकेत सापडेल.